हे शेजारचं घर कुठं गेलं?

फिलाडेल्फियातल्या एका म्यूरलचा, म्हणजे भिंतभर रंगवलेल्या चित्राचा, फोटो आईला पहिल्यांदा पाठवला तेव्हा मला वाटलं होतं ती रंगांबद्दल काहीतरी बोलेल. तीन मजली भिंत, त्यावर भाजीच्या वाफ्यात वाकलेली एक बाई, एक हात पुढे केलेला, त्यात दुधीसारखं काहीतरी, मागे वर चढत गेलेला वेल आणि सगळ्यात वर सकाळचं आभाळ. आईने फोटो बोटांनी मोठा करून करून बघितला असणार, कारण बऱ्याच वेळाने फोन आला आणि पहिलंच वाक्य, "अगं पण हे शेजारचं घर कुठं गेलं?"

मी म्हटलं कुठलं घर, तिथं मोकळा प्लॉट आहे, लोकांनी भाजी लावलीये. तर ती म्हणाली, "नाही गं. एवढ्या मोठ्या भिंतीला एकसुद्धा खिडकी नाही. ही सामाईक भिंत आहे, हिच्या अलीकडे कुणाचंतरी घर होतं."

आई मिरजेच्या जुन्या गल्लीत वाढली आणि तिथेच नांदली, तिला हे कळणारच. आमच्या गल्लीत एखादा वाडा पाडला की शेजारच्या भिंतीवर त्या वाड्याचं सगळं उघडं पडायचं, जिना कुठून वर जायचा त्याची तिरकी रेघ, चुलीच्या जागेवरचा काळा डाग, देवघराचा कोनाडा, हिरवा रंग दिलेली खोली आणि तिच्यावर निळी खोली, आणि कॅलेंडरचा खिळा. लहानपणी ते बघताना मला कसंतरी व्हायचं, कुणाच्या घरात न विचारता डोकावल्यासारखं. पण इथं आल्यावर चार वर्षं मी त्या भाजीवाल्या बाईसमोरून रोज स्टेशनला जात होते आणि माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही की या शहरात म्हणे चार हजारांच्या वर म्यूरल्स झाली, तर एवढ्या कोऱ्या भिंती यांना मिळाल्या कुठून.

मिळाल्या त्या अशा. फिलाडेल्फिया हे रो हाउसचं शहर. चौदा-पंधरा फूट रुंदीची विटांची घरं, एकाला एक चिकटून, अख्खा ब्लॉक अशी रांग, दोन घरांत भिंत एकच. इथल्या गिरण्या, गालिच्यांचे कारखाने, टोप्यांचे कारखाने, रेल्वे इंजिनं बनवणारा बाल्डविनचा प्रचंड कारखाना, या सगळ्यात काम करणाऱ्यांसाठी ही घरं बांधली गेली आणि कामगारसुद्धा ती विकत घेऊ शकायचा. 1950 च्या जनगणनेत शहराची वस्ती 20 लाख 71 हजार होती. मग कारखाने एकेक करून गेले, गोऱ्या कुटुंबांनी उपनगरं गाठली, आणि काळ्या लोकांच्या वस्त्यांवर नकाशात लाल रेघ मारून ठेवलेली असल्यामुळे तिथं घर घ्यायला किंवा दुरुस्त करायला कर्ज मिळेना. 2000 साली आकडा 15 लाख 17 हजार. म्हणजे साडेपाच लाख माणसं वजा. माणूस गेला की घर रिकामं, मग छत गळतं, मग तुळया कुजतात, मग महापालिका येऊन ते घर पाडते कारण नाहीतर ते शेजारच्यांवर पडेल. रांगेतला एक दात पडावा तसं ते दिसतं. आणि जी भिंत कधी ऊनपाऊस बघायला बांधलेलीच नव्हती ती उघडी पडते, तिला गिलावा करून सारखी करतात, झाला कॅनव्हास तयार.

हे आईमुळे डोक्यात बसलं आणि त्यानंतर मला शहराच्या मध्यभागातली आणि वस्तीतली कला वेगळीच दिसायला लागली. सिटी हॉलसमोर शिल्पकार क्लेस ओल्डेनबर्गचा तो सुप्रसिद्ध कपड्यांचा चिमटा उभा आहे, 1976 चा, 45 फूट उंच, स्टीलचा. तो तिथं आहे कारण फिलाडेल्फियाने 1959 मध्येच, अमेरिकेत सगळ्यात आधी, नियम केला की पुनर्विकासात नवी इमारत बांधायची तर खर्चाच्या एक टक्का रक्कम कलेवर घालायची. म्हणजे तिकडे इमारत उभी राहते म्हणून कला येते. आणि आमच्याकडे, वेस्ट आणि नॉर्थ फिलीत, म्हणजे फिलाडेल्फियाच्या पश्चिम आणि उत्तर भागात, इमारत पडली म्हणून आली. मला चिमटाही आवडतो, खूप आवडतो, पण या दोन गोष्टींना एकाच नावाने पब्लिक आर्ट म्हणताना माझी जीभ अडखळते.

म्यूरलची गोष्ट सुरू झाली तीही कलेपासून नाही, ग्राफिटीपासून. 1960 च्या दशकाच्या शेवटी कॉर्नब्रेड या नावाने एक शाळकरी मुलगा इथं भिंतीभिंतींवर आपलं नाव लिहायला लागला आणि आधुनिक ग्राफिटीचा उगम सांगताना लोक त्याच्यापर्यंत जातात. 1984 मध्ये महापौर विल्सन गुड यांनी ग्राफिटीविरोधी मोहीम काढली आणि त्यात जेन गोल्डन नावाच्या तरुण चित्रकर्तीला घेतलं, जी आधी कॅलिफोर्नियात सँटा मोनिकाला भिंती रंगवत होती. काम काय तर भिंती खराब करणाऱ्या पोरांना पकडून शिक्षा देण्याऐवजी त्यांना भिंती रंगवायला लावायचं. तिला दिसलं की ही पोरं गुन्हेगार वगैरे नाहीत, यांना रेषा कळते, यांना उंचावर चढायची भीती नाही. 1996 मध्ये ती मोहीम संपून त्यातून म्यूरल आर्ट्स प्रोग्रॅम झाला आणि गोल्डन त्याच्या प्रमुख. याच गुड यांच्या कारकिर्दीत, मे 1985 मध्ये, पोलिसांनी आमच्या वेस्ट फिलीत ओसेज अॅव्हेन्यूवरच्या एका घरावर हेलिकॉप्टरमधून बॉम्ब टाकला, आग पसरू दिली, अकरा माणसं मेली त्यात पाच मुलं, आणि 61 घरं जळाली. एकाच शहराने एका वर्षाच्या अंतराने या दोन्ही गोष्टी केल्या. हे मी मुद्दाम लिहिते कारण म्यूरलचं कौतुक करताना हे विसरलं की मग ते कौतुक पोकळ होतं.

आता चित्र भिंतीवर जातं कसं ते सांगते, कारण यातच सगळं आहे असं मला वाटतं. मी आधी समजत होते की चित्रकार परांचीवर, म्हणजे ते बांधकामाचं स्कॅफोल्डिंग असतं त्यावर, चढून थेट रंगवतो. तसंही करतात. पण बरीचशी म्यूरल्स कापडावर रंगवलेली असतात. विणलेलं नसलेलं एक पातळ पांढरं कापड, इथे त्याला पॅराशूट क्लॉथ म्हणायची पद्धत आहे, पण हातात घेतल्याबरोबर मला ओळखीचं वाटलं, आई ब्लाउज शिवायची तेव्हा गळपट्टीत घालायची ते बकरम. अगदी तसंच. डिझाइन पक्कं झालं की ते पाच फूट बाय पाच फूट चौकोनांत तोडतात, प्रत्येक चौकोनावर आकारांच्या बाह्यरेषा आणि प्रत्येक आकारात रंगाचा नंबर. ते चौकोन मग शाळेत जातात, वृद्धांच्या केंद्रात जातात, चर्चच्या तळघरात जातात, तुरुंगात जातात. लोक नंबरप्रमाणे रंगवतात. सगळे चौकोन गोळा झाले की चित्रकार त्यावर शेवटचा हात फिरवतो आणि मग ते अॅक्रिलिक जेलने भिंतीवर चिकटवतात, वॉलपेपरसारखे, शिवण दिसू न देता. उजवीकडचं पान कुणी सत्तर वर्षांच्या आजींनी रंगवलं आणि डावीकडचं आठ वर्षांच्या पोराने, हे खालून कुणाला कळत नाही.

ही कापडाची पद्धत इथं रुजली ती 1990 च्या डॉक्टर जे च्या चित्रापासून असं सांगतात. रिज अॅव्हेन्यूवर बास्केटबॉलपटू ज्युलियस अर्विंग, म्हणजेच डॉक्टर जे, तीन मजली उंच उभा आहे, चित्रकार केंट ट्विचेल. बघण्यासारखी गोष्ट म्हणजे तो खेळाच्या कपड्यांत नाहीये, सूट घालून शांतपणे उभा आहे. काळ्या माणसाला चेंडू हातात न देता भिंतीवर उभं करणं ही केवढी मोठी गोष्ट होती हे मला शेजारच्या आजींनी सांगितलं. इथं वयाने मोठ्या बाईच्या नावाआधी मिस लावतात, मीही तोंडाने तसंच म्हणते, मनात मात्र आजी. त्या म्हणाल्या, आमच्या पोरांना कळलं पाहिजे ना की माणूस मॅच संपल्यावरही माणूस असतो.

याच आजींनी मला कापड रंगवायला नेलं. आमच्या कोपऱ्यावरचं ते भाजीवाल्या बाईचं चित्र जुनं झालं होतं, रंग उडाले होते, एका कडेने पोपडे आले होते, त्यातला बराचसा भाग नव्याने करायचा ठरला. त्याआधी मीटिंगा झाल्या. लायब्ररीच्या खोलीत घड्या घालायच्या खुर्च्या मांडून, डोनट आणि पातळ कॉफी. मला वाटलं होतं चित्रकार स्केच दाखवेल आणि लोक टाळ्या वाजवतील. छे. दोन तास नुसता वाद, बाईचं डोकं झाकलेलं हवं की नको, ती कुणासारखी दिसते, अमक्याच्या आईसारखी दिसत असेल तर आमच्या आईने काय केलंय, प्लॉटवर खरोखर जे पिकतं तेच चित्रात दाखवा, टोमॅटो नको कारण टोमॅटो दरवर्षी खारी खातात, भेंडी दाखवा, कोलार्डची पालेभाजी दाखवा. एक गृहस्थ उठून म्हणाले की चित्रापेक्षा आधी त्या कोपऱ्यावरचा दिवा दुरुस्त करा, आणि सगळ्यांनी त्यांना दुजोरा दिला, आणि चित्रकारानेही तो मुद्दा वहीत लिहून घेतला. मला आमच्या गल्लीतल्या मंडळाची वर्गणीची बैठक आठवली, मूर्ती केवढी आणि मांडव कुठवर यावरून रात्री अकरापर्यंत भांडायचे आणि दुसऱ्या दिवशी सगळे मिळून खड्डे खणायचे. सार्वजनिक हा शब्द मी शाळेपासून गणपतीच्या नावाआधी ऐकत आले, पण त्याचा अर्थ मला त्या लायब्ररीच्या खोलीत कळला. एखादी गोष्ट उघड्यावर ठेवली म्हणून सार्वजनिक होत नाही, तिच्यावरून भांडायचा हक्क सगळ्यांना असला की होते.

आणि हा हक्क नसला तर काय होतं तेही याच शहरात दिसतं. इटालियन मार्केटमध्ये नाइन्थ स्ट्रीटवर फ्रँक रिझोंचा भला मोठा चेहरा होता, आधी पोलीस कमिशनर आणि मग महापौर, काळ्या वस्त्यांशी ते कसे वागले ते इथं घराघरात माहितीये. एका वस्तीचा लाडका माणूस, दुसऱ्या वस्तीची भीती, आणि भिंत दोघांनाही दिसणार. वर्षानुवर्षं त्यावर रंग फेकला जायचा, पुसला जायचा. जून 2020 मध्ये तो चेहरा रंगवून बुजवला. मला विचाराल तर बरं झालं, फक्त फार उशीर झाला.

माझ्या वाट्याला आलेला चौकोन म्हणजे वेलाची पानं आणि त्या बाईच्या पुढे केलेल्या हाताचं कोपर. पानांना चौदा नंबर आणि सावलीला एकोणीस, कोपराला तीन प्रकारचे तपकिरी. शेजारच्या टेबलावर एक शाळकरी मुलगी आभाळ करत होती आणि कंटाळली होती, नुसता निळा नंबर दोन, नुसता निळा नंबर दोन. मी तिला माझं एक पान दिलं, तिने मला थोडं आभाळ दिलं. असे आम्ही तीन तास होतो. सांगते, कपाळावर कुणी हात ठेवावा तसं शांत वाटलं त्या दिवशी. या देशात येऊन मी तोवर भाडं भरलं होतं, टॅक्स भरला होता, बर्फ उपसलं होतं, पण इथल्या कशाला माझा हात लागलाय असं त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

तुरुंगातली गोष्ट मला नंतर कळली आणि ती डोक्यातून जात नाही. शहराबाहेर ग्रेटरफोर्ड नावाचा मोठा तुरुंग होता, आता बंद झालाय. तिथल्या जन्मठेपेच्या कैद्यांबरोबर म्यूरलचे वर्ग चालायचे. 2004 मध्ये जर्मनटाउन अॅव्हेन्यूवर दोन भिंती झाल्या, हीलिंग वॉल्स, एक कैद्यांच्या प्रवासाची आणि एक गुन्ह्यात ज्यांनी आपलं माणूस गमावलं त्यांच्या प्रवासाची. सुरुवातीला एकच भिंत करायची ठरत होती पण दोन्ही बाजूंना एका भिंतीवर एकत्र राहणं जमेना, म्हणून दोन केल्या, जवळजवळच. कापड तुरुंगात जायचं आणि रंगून बाहेर यायचं, कैदी मात्र आत. म्हणजे ज्या माणसाने ते रंगवलं त्याला ती भिंत प्रत्यक्ष बघता येण्याची शक्यता जवळपास नाही, त्याचा हातच तेवढा बाहेर आला. मी तिथं जाऊन दोन्ही भिंतींसमोर बराच वेळ उभी राहिले, बस येत होत्या जात होत्या, एक माणूस हातगाडीवरून वॉटर आइस विकत होता. क्षमेबद्दल मला काही बोलायचा अधिकार नाही, मी तसलं काही भोगलेलं नाही. पण एका भिंतीवर मावत नाही हे मान्य करून दोन भिंती घेणं, यात जो प्रामाणिकपणा आहे तो मी फार कमी ठिकाणी बघितलाय.

तिथून जवळच लिली ये यांनी केलेली बाग आहे. या चित्रकर्ती चीनमध्ये जन्मल्या, तैवानमध्ये वाढल्या, इथं शिकायला आल्या आणि 1986 मध्ये नॉर्थ फिलीतल्या एका उजाड प्लॉटवर, आधी नुसत्या आजूबाजूच्या पोरांना घेऊन, काम सुरू केलं. पैसे नाहीत म्हणून फुटक्या टाइल्सचे तुकडे. तुकड्यांचे देवदूत, तुकड्यांचे बाक, मातीच्या वळणदार भिंती. त्यातून पुढे व्हिलेज ऑफ आर्ट्स अँड ह्युमॅनिटीज ही संस्था झाली. तिथल्या देवदूतांचे डोळे आपल्याकडच्या मुखवट्यांसारखे मोठे आहेत, मी खूप वेळ बघत बसले होते.

आणि एलने, म्हणजे मार्केट स्ट्रीटवरून उंचावरून जाणाऱ्या गाडीने, कधी गेलात तर खिडकीशी बसा. 45 ते 63 व्या रस्त्याच्या दरम्यान स्टीव्ह पॉवर्सने 2009 मध्ये 50 भिंतींवर एक प्रेमपत्र लिहिलंय, तुकड्यातुकड्यांनी, छपरांच्या पातळीवर, फक्त गाडीतल्या माणसाला वाचता येईल असं. तो याच भागातला, पूर्वी ग्राफिटी करणारा. रात्रपाळी करून परतणाऱ्या बायका त्या अक्षरांखालून डुलक्या घेत जातात, मीही गेलेय.

आता पुढचं. शहरात पुन्हा माणसं यायला लागलीत, विद्यापीठाच्या बाजूने घरांचे भाव आमच्यापर्यंत पोचले, आणि जो प्लॉट पन्नास वर्षं कुणाला नको होता तो आता सगळ्यांना हवाय. मोकळा प्लॉट गेला की त्याच्याकडे तोंड करून असलेली भिंत गेली. स्ट्रॉबेरी मॅन्शन या वस्तीत जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनचं सुंदर म्यूरल होतं, 2002 चं, तो राहायचा त्या घरापासून जवळच. 2014 मध्ये ती इमारतच पाडली. तीन वर्षांनी डायमंड स्ट्रीटवर दुसरं नवं चित्र झालं, छान आहे, पण ज्यांचं लहानपण पहिल्या चित्राखाली गेलं त्यांच्यासाठी ते दुसरंच आहे.

आमच्या प्लॉटला मार्चमध्ये कुंपण लागलं. वाफे काढायला दोन आठवडे दिले होते, आजी आणि मी बादल्यांतून माती नेली, जमेल तेवढी. मग पाया, मग लाकडी सांगाडा. आधी वाफे झाकले गेले, मग बाईचे गुडघे, मग एका सोमवारी कामावरून येताना बघितलं तर तो पुढे केलेला हात गेला होता. मी रोज फोटो काढत होते, का काढत होते मला माहीत नाही. शेवटी नुसतं आभाळ उरलं होतं, त्या मुलीचा निळा नंबर दोन, आणि मग तेही गेलं. मी आजींना म्हटलं की आपण काहीतरी करायला हवं होतं, पत्र, सह्या. त्या पायऱ्यांवर बसून शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, "हनी, ते चित्र यायच्या आधी तिथं माझ्या मैत्रिणीचं घर होतं. मला चित्र हवं होतं. पण मला त्याहून जास्त तिचं घर हवं होतं." म्हणजे आईने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आजींना पहिल्या दिवसापासून माहीत होतं, मी विचारलं नव्हतं इतकंच.

तिथं घर व्हावं याला माझा विरोध नाही. घर पडलं होतं, घर झालं, ठीक आहे. त्रास याचा होतो की जी माणसं पन्नास वर्षं तिथं राहिली, ज्यांनी रिकाम्या प्लॉटवर पाणी घातलं, त्या कुणालाही त्या नव्या घराचं भाडं परवडणार नाही, आणि याबद्दल लायब्ररीत कुठली मीटिंग झाली नाही. चित्रातल्या बाईचं डोकं झाकायचं की नाही यावर दोन तास बोलू दिलं, घराबद्दल दोन मिनिटं नाही.

ऑगस्टमध्ये आमची ब्लॉक पार्टी असते. रस्ता बंद करायला ब्लॉकवरच्या 75 टक्के घरांच्या सह्या लागतात, त्या गोळा करायला ब्लॉक कॅप्टन म्हणून आजी आणि त्यांच्याबरोबर मी, नव्या इमारतीतही गेलो. दुसऱ्या मजल्यावर एका तरुण जोडप्याने दार उघडलं, खोक्यांमध्ये उभे होते, अजून सामान लावायचं होतं. सही केली, मुलीने विचारलं काय काय आणायचं जेवायला, मग हळूच विचारलं की आम्ही येण्याआधी इथं काय होतं. आजींनी त्यांना आधी आपल्या मैत्रिणीचं नाव सांगितलं, तिचा नवरा कुठं काम करायचा, त्यांच्या दाराचा रंग कुठला होता ते सगळं. मग वाफ्यांबद्दल. मग चित्राबद्दल. त्या मुलीने वळून आतल्या भिंतीकडे बघितलं, कोरा पांढरा रंग, अजून एकही खिळा नाही. "अजून आहे आत?" तिने विचारलं. मी म्हटलं आहे, कापड निघत नाही तसं, दोन भिंतींच्या मध्ये आहे. मग मी दारातूनच अंदाज घेतला, दुसरा मजला, डावीकडचा कोपरा, आणि तिला सांगितलं की तुझा सोफा ठेवशील ना तिथं, त्याच्या मागे साधारण तिचं कोपर येतं.